खेड्यांनी घडविलेले फ्रेंच रग्बीपटू

आपल्या बेटावर खेळ म्हणजे आधी फुटबॉल, मग बाकीचे. रग्बी खेळणारी मुले आपल्या मराठी घरांतून फारशी सापडायची नाहीत. तरीही फ्रेंच दूरचित्रवाणीमुळे हा खेळ आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे. शनिवारी संध्याकाळी वाक्वात किंवा कास्काव्हेलला एखाद्या घरात डोकावून पाहिले, तर आजोबा, नातू आणि शेजारचा मुलगा असे तिघे तुलूझचा सामना पाहत बसलेले दिसतील. आंत्वान द्यूपाँ हे नाव शाळेतल्या पोरांना पाठ आहे. मात्र द्यूपाँ कोठला असे विचारले, की उत्तर येते, "तुलूझचा."

तो तुलूझचा नाही. त्याचे गाव कास्तेल्नो-मान्योआक. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या गावाची वस्ती आठशेच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शाळेच्या पटापेक्षाही कमी. द्यूपाँच्या घरचे तेथे खाणावळीसह एक लहानसे हॉटेल होते, आणि शेती व डुकरे पाळण्याचा धंदाही होता. १९९६ साली जन्मलेला हा मुलगा चार-पाच वर्षांचा असताना गावच्या मान्योआक फुटबॉल क्लबाच्या मैदानावर गेला. नावात फुटबॉल असले तरी हा क्लब रग्बीचाच आहे. फ्रान्सच्या त्या भागात जुन्या लोकांच्या लेखी फुटबॉल म्हणजे हातात धरायचा लंबगोल चेंडू, आणि कित्येक क्लबांची नावे अजून तशीच चालत आली आहेत.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१७ साली तो फ्रान्सकडून पहिला सामना खेळला. २०२१ साली जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२२ साली त्याच्या कर्णधारपदाखाली फ्रान्सने सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतील पाचही सामने जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सात खेळाडूंच्या रग्बीत फ्रान्सने फिजीला २८-७ असे हरवून सुवर्णपदक मिळविले, त्या संघातही तो होता. हा इतिहास वर्तमानपत्रांनी पुष्कळ छापला. कास्तेल्नो-मान्योआक आणि तुलूझ यांच्यामध्ये काय घडले, ते मात्र कमी लिहिले जाते.

द्यूपाँ पंधरा वर्षांचा झाला तेव्हा त्याने गाव सोडले. गावाचा त्यात दोष नव्हता. सहा-आठ वर्षांच्या पोरांचा संघ खेडेगावात जमतो, कारण त्या वयात एका बाजूला थोडीच मुले लागतात आणि मैदानही लहान असते. पंधरा-सोळा वर्षांची पंधरा मुले आणि वर सात-आठ राखीव एवढी भरती आठशे वस्तीच्या गावाने कोठून करायची? शेजारची तीन-चार गावे एकत्र येऊन संघ करतात. पण त्यालाही मर्यादा आहेच. शिवाय गावात लिसे नाही. तेव्हा मुलगा शिकायला ज्या शहरी जातो, तेथेच खेळायलाही जातो. द्यूपाँ गेला ओश या शहरात. ते सुमारे चाळीस किलोमीटरांवर आहे आणि वस्ती वीस-बावीस हजारांची. तेथून २०१४ साली कास्त्र, आणि २०१७ साली तुलूझ. गाव, तालुक्याएवढे शहर, मध्यम शहर, महानगर अशा या चार पायऱ्या आहेत, आणि फ्रान्समधील बहुतेक मोठे खेळाडू याच जिन्याने चढलेले आहेत.

ओशची पायरी जरा थांबून पाहण्यासारखी आहे. ओश हे जेर्स जिल्ह्याचे मुख्य शहर. जिल्हा सगळा शेतीचा: मका, सूर्यफूल, बदके, द्राक्षे. विक-फझाँसाक या गावाहून आंतोनी जलाँश तेथे आला, काँदोंहून ग्रेगरी आल्द्रित आला, आणि शेजारच्या जिल्ह्यातून द्यूपाँ. तिघेही जवळजवळ एकाच वयाचे. १९ मार्च २०२२ रोजी पॅरिसला इंग्लंडविरुद्ध निर्णायक सामना झाला, तेव्हा सुरुवातीच्या पंधरांत सात नंबरवर जलाँश, आठवर आल्द्रित आणि नऊवर द्यूपाँ होता. स्क्रमच्या पाठीशी असलेली ही तीन माणसे सामन्याची चाल ठरवितात. एका लहान शहराच्या क्लबाने सांभाळलेली तीन पोरे राष्ट्रीय संघात अगदी खांद्याला खांदा लावून उभी होती.

आणि तो क्लब? २००७-०८ च्या हंगामात ओश फ्रान्सच्या सर्वोच्च श्रेणीत खेळला होता. वीस हजार वस्तीच्या शहराला ते परवडणारे नव्हते. क्लब खाली उतरला, कर्ज वाढले, आणि २०१७ साली त्याचे दिवाळे निघून तो विसर्जित झाला. त्याच वर्षी द्यूपाँ तुलूझला गेला, त्याच वर्षी आल्द्रित ला रोशेलला गेला. पोरे वर गेली आणि घर मोडले. ही तारखांची जुळणी आहे, त्यात कार्यकारणभाव शोधू नये असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही असेल. मोठ्या श्रेणीच्या हव्यासापायी हिशेब चुकला हेच विसर्जनाचे खरे कारण. तरी मला या जुळणीकडे दुर्लक्ष करवत नाही.

हे असे का घडते, हे समजायला थोडे मागे गेले पाहिजे.

रग्बी फ्रान्समध्ये इंग्रज व्यापाऱ्यांबरोबर बंदरांच्या वाटेने आली. नैऋत्येला बोर्दो हे तिचे पहिले मोठे ठाणे. तेथून ती खेड्यापाड्यांत पसरली, त्यात शाळामास्तरांचा वाटा मोठा होता, हे आम्हा पेशातल्या माणसांना सांगायला आवडते. (पुढे असाच एक मास्तर फ्रान्सचा कर्णधार झाला. ल्युसियँ मियास माझामे गावच्या क्लबात खेळायचा. आधी तो प्राथमिक शिक्षक होता, मग डॉक्टर झाला. १९५८ साली दक्षिण आफ्रिकेत जाऊन फ्रान्सने कसोटी मालिका जिंकली ती त्याच्या नेतृत्वाखाली, आणि १९५९ साली पाच राष्ट्रांची स्पर्धा फ्रान्सने प्रथमच एकट्याने जिंकली, तेव्हाही कर्णधार तोच.) गावात चर्चचा मनोरा एक, बाजारचा चौक एक आणि रग्बीचे मैदान एक. शेजारच्या गावाला हरविणे हा रविवार दुपारचा धर्म. मैदान नगरपालिकेचे, खानपानाचा ठेला खेळाडूंच्या घरच्यांचा, आणि पैसा सोडतीच्या तिकिटांतून, जेवणावळींतून व गावच्या दुकानदारांच्या देणग्यांतून. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी जशी दारोदार फिरून जमते, तसाच काहीसा हा प्रकार.

खेळ कागदोपत्री हौशी होता. पैसे घेऊन खेळणे हा गुन्हा. पण चांगला खेळाडू गावात टिकवायचा तर त्याला पोट आहे. मग त्याला नगरपालिकेत, बँकेत, कारखान्यात नोकरी लावून द्यायची, कोणाला दुकान काढून द्यायचे. खेळ हौशी राही आणि माणूस गावात राही.

या पद्धतीचा सगळ्यात गमतीदार आणि सगळ्यात भयंकर नमुना म्हणजे कियाँ. ओद नदीच्या खोऱ्यातले हे तीनएक हजार वस्तीचे गाव. तेथे जाँ बुरेल नावाचे टोप्यांचे कारखानदार होते. आपल्या टोप्यांची जाहिरात व्हावी म्हणून त्यांनी पेर्पिन्याँ व इतर ठिकाणचे नामांकित खेळाडू गोळा केले आणि त्यांना कारखान्यात कामे दिली. १९२८, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ तीन वर्षे या चिमुकल्या गावाचा संघ फ्रान्सच्या अंतिम सामन्यात पोचला, आणि १९२९ साली लेझिन्याँला हरवून विजेता ठरला. लेझिन्याँ हेही लहानच गाव. पण त्याआधी, १९२७ साली, पेर्पिन्याँविरुद्धच्या सामन्यात कियाँच्या एका खेळाडूला जीव गमवावा लागला होता. हिंसा आणि चोरून दिलेला पैसा या दोन कारणांनी ब्रिटिश संघांनी १९३१ साली फ्रान्सशी खेळणे बंद केले. पाच राष्ट्रांच्या स्पर्धेत फ्रान्स परतला तो थेट १९४७ साली. कियाँचा संघ मात्र टोप्यांबरोबरच उतरणीला लागला. त्या गावाने खेळाडू घडविले नव्हते, विकत आणले होते; पैसा आटताच मागे काही उरले नाही.

लूर्दचे तसे नव्हते. तीर्थक्षेत्र म्हणून लूर्दचे नाव आपल्याकडील ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरात नेहमी ऐकू येते. त्या गावाने १९४८ ते १९६८ या वीस वर्षांत फ्रान्सचे अजिंक्यपद आठ वेळा मिळविले. त्यांचा नायक जाँ प्रात हा लूर्दमध्येच जन्मला, आणि त्याच्या घरची शेती मैदानाला लागूनच होती. फ्रान्सकडून पन्नासांहून अधिक सामने खेळणारा तो पहिला खेळाडू. त्याला कोणी आणले नव्हते. कुंपण ओलांडले की तो मैदानात. रोन नदीकाठच्या ला वूल्त या पाच-सहा हजार वस्तीच्या गावानेही १९७० साली मिशलँ टायरवाल्यांच्या माँफेराँला ३-० असे हरवून अजिंक्यपद नेले. ला वूल्तचे कांबेराबेरो बंधू प्रसिद्धच आहेत. त्यांपैकी गी याचा मुलगा दिदिए पुढे १९८७ च्या पहिल्या विश्वचषकात फ्रान्सकडून खेळला.

स्थलांतरितांच्या मुलांनाही या गावांनी आपलेसे केले, आणि ही गोष्ट आपण बेटकऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. वाल्तेर स्पांगेरोचे आईवडील इटलीतील फ्रिउलीहून शेतमजुरीसाठी आले होते. घरात पोरांची रांग. थोरली-धाकटी मिळून कित्येक भाऊ नार्बोनकडून खेळले, आणि वाल्तेर व क्लोद हे दोघे फ्रान्सकडून. परक्या नावाच्या मजुराच्या मुलाला गावाने रविवारी खांद्यावर घेतले, की सोमवारी त्याला परका म्हणणे अवघड होते. आपल्या पणजोबांना असे मैदान मिळाले असते तर, असा विचार मनात येतो. असो.

ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाचा नियम उठविला आणि रग्बी उघडउघड व्यावसायिक झाली. ढोंग संपले हे बरेच झाले. पण नोकरीचा दोर तुटला. पूर्वी माझामेचा खेळाडू माझामेत राही, कारण त्याचे काम तेथे होते. आता त्याचे काम म्हणजे खेळच, आणि ते काम तुलूझ, पॅरिस, बोर्दो, ल्याँ अशा ठिकाणी अधिक पगाराचे. मोठे मैदान, दूरचित्रवाणीचा पैसा, मोठे जाहिरातदार हे सर्व शहरांत. लूर्द कनिष्ठ हौशी श्रेणींत गेले. ला वूल्त २०१० साली व्हालाँसच्या क्लबात विलीन झाले. माझामेत लोकर सोडविण्याचे कारखाने बंद पडले आणि क्लबाचेही बळ गेले. अपवाद थोडे. कास्त्र हे चाळीसएक हजारांचे शहर २०१३ आणि २०१८ साली अजिंक्य ठरले, कारण पिएर फाब्र या औषधांच्या कारखानदारांनी आपल्या गावच्या क्लबाला आयुष्यभर धरून ठेवले. ते २०१३ च्या जुलैत, अजिंक्यपदानंतर काही आठवड्यांतच वारले. आज मैदानाला त्यांचे नाव आहे. एका शहाण्या धनिकाच्या आधारावर शहर तगते. पण असा धनिक प्रत्येक गावाच्या नशिबी कोठून असायचा?

तरीही खेळाडू मात्र खेड्यांतून येतच राहिले. बास्क प्रांतातील सँ-पे-स्युर-निवेल हे काही हजार वस्तीचे गाव घ्या. शार्ल ओलिव्हाँ आणि माक्सिम ल्युकू हे दोघेही तेथल्या गावक्लबात वाढले, आणि २०२३ च्या विश्वचषकाच्या फ्रेंच संघात दोघेही होते. फ्रान्समध्ये रग्बीचे सुमारे दोन हजार क्लब आहेत. त्यांतले व्यावसायिक बोटांच्या काही पेरांत मोजता येतील. बाकीचे सगळे हे असे.

खेडे खेळाडू कसा घडविते? समालोचक मंडळी लगेच शेतकऱ्याचे दंड, दूध-लोणी आणि डोंगरची हवा यांवर येतात. मला हे पटत नाही. दंड शहरातल्या व्यायामशाळेतही होतात. पॅरिसच्या उपनगरातील मासी या क्लबाने मातिए बास्तारो, याकुबा कामारा, सेकू माकालू अशी माणसे दिली. त्यांनी काही गाईंच्या धारा काढल्या नव्हत्या. कारण अधिक साधे आहे, आणि शिक्षकाला ते चटकन कळते.

खेडेगावात मुले थोडी असतात, म्हणून प्रत्येक मूल खेळते. कोणाला बाकावर बसवून ठेवणे परवडतच नाही. महानगराच्या नामांकित क्लबात एका वयोगटात साठ मुले आली, की पहिल्या महिन्यात चाळणी लागते: हा उंच, हा जाड, हा नको. अकराव्या वर्षी जो बारीक होता तो सोळाव्या वर्षी काय होईल, हे कोणी सांगावे? द्यूपाँ आजही उंच नाही. गावात त्याला बाजूला काढायला दुसरे कोणी नव्हते, तेव्हा तो खेळत राहिला. मोठ्या भावाच्या मागोमाग मैदानावर जायचे, थोराड पोरांत खेळायचे, म्हणजे ताकदीने भागत नाही, डोळा आणि डोके चालवावे लागते. आज नऊ नंबरचे काम करताना, स्क्रममधून निघालेला चेंडू उचलून क्षणात कोणाकडे द्यायचा हे ठरविताना, तो ज्या चतुराईने खेळतो तिची शाळा अशा मैदानांवर भरते.

दुसरे म्हणजे शिकविणारे. गावच्या रग्बी शाळेत पाच-सहा वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची मुले गटागटाने येतात, बुधवारी दुपारी आणि शनिवारी. बुधवार अशासाठी की फ्रेंच प्राथमिक शाळांना त्या दुपारी सुटी असते. शिकविणारा कोणी टपालखात्यातला, कोणी सुतार, कोणी स्वतः पूर्वी खेळलेला शेतकरी. त्याला पगार नाही. मुलाचे आईबाप त्याला ओळखतात आणि मुलाने शाळेत काय प्रताप केला तेही त्याला ठाऊक असते. आपल्या बैठकांत ज्यांनी संध्याकाळी दिव्याखाली बसून आपल्या आज्यापणज्यांना अक्षरे शिकविली, त्यांची जात हीच. अशा माणसाची किंमत पावतीवर लिहिता येत नाही, म्हणून हिशेबातही धरली जात नाही.

तेव्हा व्यावसायिक क्लब जे तयार रोप उचलतात, त्याची दहा वर्षांची मशागत कोणी फुकट केलेली असते. खेळाडूने पहिला करार केला, की आधीच्या क्लबांना भरपाई देण्याची तरतूद नियमांत आहे. पण तिने एखादे वर्ष मुलांच्या जर्सी आणि प्रवासाची बस निघेल. पुन्हा एक ओश उभे राहणार नाही.

गेल्या पंधरा वर्षांत एका नियमाने या सगळ्याला वेगळे वळण दिले. २०१० च्या सुमारास सर्वोच्च श्रेणीतील क्लब परदेशी खेळाडूंनी इतके भरले होते, की फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाला माणसे मिळेनात. तेव्हा मंडळाने ठरविले, की प्रत्येक क्लबाने फ्रान्समध्येच घडलेल्या खेळाडूंची ठराविक संख्या ठेवलीच पाहिजे. घडलेला म्हणजे तरुण वयात किमान तीन हंगाम क्लबाच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात काढलेला, किंवा पाच हंगाम फ्रेंच महासंघाच्या परवान्यावर खेळलेला. संख्या वाढत वाढत आता सामन्याच्या तेवीस जणांत सरासरी सोळांवर आली आहे. राष्ट्रीय संघ सुधारला, त्यात या नियमाचा मोठा हात आहे, हे मान्य केले पाहिजे. द्यूपाँची पिढी याच नियमाच्या छायेत वाढली.

पण नियमात जन्मगाव विचारलेले नाही, केंद्रात काढलेली वर्षे विचारलेली आहेत. म्हणून श्रीमंत क्लब आता मुलांना अधिक लवकर उचलतात. क्लेरमाँच्या क्लबाने तर थेट फिजी बेटांत, नाद्रोगा प्रांतात, आपली शाळा उघडली. तेथून आलिव्हेरेती राका हा मुलगा फ्रान्सला आला, केंद्रात वाढला, नियमाप्रमाणे "फ्रेंच घडणीचा" ठरला आणि २०१९ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून खेळला. त्याने स्वतःचे भले केले. त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण बेटावर राहणाऱ्या माणसाने ही बातमी वाचावी आणि थोडे गप्प बसावे. आपल्याकडून साखर गेली तशी फिजीतून साखरही गेली आणि पोरेही.

पालकांना जो प्रश्न पडतो तो वेगळाच आहे, आणि मी तो टाळणार नाही. हा खेळ धोक्याचा आहे. २०१८ सालात आणि त्याला लागून, काही महिन्यांच्या अंतराने, फ्रान्समध्ये चार तरुण खेळाडू मैदानावरील आघातांनंतर मृत्युमुखी पडले. त्यांतला सर्वांत लहान सतरा वर्षांचा होता. चौघेही काही प्रसिद्ध खेळाडू नव्हते. कोणी गावच्या संघातला, कोणी मोठ्या क्लबाच्या युवक केंद्रातला. घराघरांतल्या आयांनी मुलांचे परवाने काढणे थांबविले, आणि गावच्या रग्बी शाळांत त्या वर्षी पट घसरला. त्यानंतर २०१९ पासून हौशी सामन्यांत कमरेच्या वर पकड करायची नाही असा नियम आला. मैदानावर काही जुन्या मंडळींनी नाके मुरडली. मुरडोत बापडी. ज्या गावात मुळात बाराच मुले आहेत, तेथे दोन आयांनी नको म्हटले की संघ बंद पडतो. ही गोष्ट पॅरिसच्या कचेरीत बसून दिसत नाही.

आपल्याकडे पाहिले तर या गोष्टीची एक उलटी बाजू दिसते. मॉरिशसच्या फुटबॉलमध्येही एके काळी प्रत्येक क्लबामागे आपापली माणसे होती आणि मैदाने फुलून जात. क्लब जमातवार होते, आणि त्यातून जे विष वाढले ते मे १९९९ मध्ये आपण सर्वांनी पाहिले. माणसे जळून मेली. क्लब विभागवार करणे भागच होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नकाशावर रेघ ओढून क्लब केला म्हणजे गाव त्याच्यामागे येतेच असे नाही. मैदाने रिकामी झाली, आणि शनिवारी पोरे ट्यूशनला बसली. फ्रान्सच्या खेड्यात क्लब जमातीचाही नाही आणि नकाशाचाही नाही. चालत जाता येईल एवढ्या अंतरात राहणाऱ्या सगळ्यांचा तो आहे. स्पांगेरो त्यात मावला तो म्हणूनच.

ओशमध्ये २०१७ नंतर नवा क्लब निघाला. नाव थोडे बदलले, कर्ज मागे राहिले, आणि प्रादेशिक श्रेणीपासून त्याने पुन्हा पायरी पायरीने चढायला सुरुवात केली. आज तो राष्ट्रीय पातळीच्या श्रेणीत परतला आहे. आता मोठ्या स्वप्नांऐवजी मुलांच्या गटांकडे लक्ष द्यावे असे गावकऱ्यांपैकी पुष्कळांचे मत आहे म्हणतात. पण मधल्या काळात रस्ता बदलून गेला. पूर्वी जो मुलगा घरापासून चाळीस किलोमीटरांवर, ओळखीच्या माणसांत जायचा, त्याला आता पंधराव्या-सोळाव्या वर्षीच तुलूझचे किंवा बोर्दोचे बोलावणे येते. वसतिगृह, सकाळी लिसे, दुपारी सराव. केंद्रांनी शिक्षण चालू ठेवावे असे बंधन आहे, आणि ते पाळलेही जाते; एवढे समाधान.

अशा केंद्रांत दर वर्षी जेवढी मुले येतात, त्यांतल्या थोड्यांनाच शेवटी करार मिळतो. बाकीची विसाव्या-एकविसाव्या वर्षी कोणी पदविका घेऊन, कोणी गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा वण घेऊन घरी येतात. बापाच्या शेतावर किंवा तालुक्याच्या दुकानात कामाला लागतात, आणि रविवारी दुपारी तीन वाजता, जुन्याच मैदानावर, शेजारच्या गावाविरुद्ध उतरतात. बुधवारी पोरांना शिकवायला त्यांच्यातलाच कोणीतरी येतो.